अर्ध्या घराचा धनी

कुडतरी, ९ जानेवारी २०२३

ही वही मी रक्तदाब लिहायला घेतली होती. डॉक्टर म्हणाले, रोज मोजा आणि लिहून ठेवा. आज बँकेतून आल्यावर मोजला तर १७०/१००. कारणही लिहून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी मीठ जास्त खाल्लं.

बँकेतला साहेब माझ्या लीवियाच्या वयाचा. सगळे कागद चाळून झाल्यावर म्हणाला, "सिस्टर, सगळं व्यवस्थित आहे. आता फक्त मिस्टरांची सही आणा."

मी म्हटलं, "कोणाच्या मिस्टरांची?"

त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. तो हसला. मी नाही हसले.

मला कर्ज पाहिजे ते घराच्या मागच्या बाजूला चाकाच्या खुर्चीसाठी उतरण बांधायला आणि न्हाणीघरांत धरायच्या दांड्या बसवायला. चार खाटा टाकणार आहे. या गावात निम्म्या घरांतून एकेक म्हातारं माणूस एकटं बसलेलं आहे, मुलं कुवेतला नाहीतर इंग्लंडला. सरकारी इस्पितळात नर्स म्हणून तीस वर्षं दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांची कूस बदलली, आता माझ्याच घरात बदलीन. जमीन माझ्या पप्पांची. त्यांनी दोन खोल्या ठेवल्या होत्या, बाकीच्या मी पगारातून चढवल्या. एकुलती एक होते म्हणून वाटणीचा प्रश्न नव्हता. असं मला वाटत होतं.

रेमिजियो फुर्ताद १९९९च्या ऑगस्टमध्ये बोटीवर गेला. तारवटीच होता, बोटीवरचा खलाशी, दरवर्षी जायचा आणि दरवर्षी यायचा. त्या वर्षी आला नाही. आधी पत्रं, मग नाताळला एक कार्ड, मग काही नाही. पुढे कळलं की इंग्लंडमधल्या स्विंडनला असतो, झुलेमा नावाच्या बाईबरोबर. चोवीस वर्षांत या घराचं एक कौलसुद्धा त्यानं सरळ केलं नाही. आणि आज सही त्याची पाहिजे! का, तर गोव्यात लग्नाच्या नोंदवहीत दोघांनी सह्या केल्या की त्या दिवसापासून जे एकाचं ते अर्धं दुसऱ्याचं. आईबापांकडून आलेलंसुद्धा.

मी म्हटलं, "आम्ही वेगळे झालोय."

"घटस्फोटाचा हुकूम आहे?"

हुकूम नाही. दावा घातला होता, २००३मध्ये. माझी साक्ष झाली, शेजाऱ्यांच्या साक्षी झाल्या. शेवटच्या तारखेला मला जाता आलं नाही, लीवियाला कांजिण्या आल्या होत्या. कोर्टानं दावा काढून टाकला. पुन्हा घालायचा राहून गेला. नोकरी, मूल, आईचं आजारपण. माणूस किती गोष्टी करणार?

११ जानेवारी

मडगावात वकिलाकडे गेले. शर्वाणी केंकरे, वय पस्तीसच्या आतबाहेर, बोलताना पेन्सिल चावते. म्हणाली, "सिस्टर, कायद्याच्या हिशेबानं तुमचा संसार चालू आहे."

"कुठे चालू आहे? मला दाखव तरी."

"कागदावर. आधी त्याला सरळ पत्र लिहू. कर्जाला संमती दे एवढंच मागू. कधीकधी माणसं देतात."

त्याचा पत्ता माझ्याकडे कुठला असणार. लीवियाला फोन केला. ती वास्कोला शाळेत शिकवते. तिनं पाच मिनिटांत पत्ता, फोन नंबर, पिनकोड सगळं पाठवलं. कुठून मिळालं विचारलं तर म्हणाली, "फेसबुकवर असतं गो मम्मा सगळं." लोक घरातला पिनकोडसुद्धा जगाला सांगत सुटलेत.

२ फेब्रुवारी

उत्तर आलं. त्याच्याकडून नाही, त्याच्या वकिलाकडून, तीन पानांची नोटीस.

"माझे अशील रेमिजियो फुर्ताद हे सदर घराचे निम्मे मालक असून" — पहिल्याच ओळीला मी खुर्चीवर बसले. कर्जाला संमती नाही. वाटणी करून पाहिजे. आणि शेवटी काय लिहावं? वाटणीत घराची मागच्या बाजूची, तळ्याकडे तोंड असलेली खोली, लगतच्या न्हाणीघरासह, आमच्या अशिलास मिळावी.

अर्धं घर मागतो आणि वर आवडनिवडही सांगतो! ते न्हाणीघर मी २०११मध्ये बांधलं. त्यानं ते बघितलेलंसुद्धा नाही. ते आहे हे त्याला कळलं कसं?

शर्वाणीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "विचित्र आहे. अशी माणसं पैसे मागतात. खोली कोण मागतं?"

मी म्हटलं, "ज्याला मला छळायचं आहे तो मागतो." आज रक्तदाब मोजला नाही.

१२ फेब्रुवारी

लीविया आली होती. खाऱ्या सुंगटांची, सुकवलेल्या कोळंबीची आमटी केली, तिला आवडते. जेवताना मी कोर्टाची हकीकत सांगत होते, तर मध्येच म्हणाली, "मम्मा, मला कांजिण्या बालवाडीत आल्या होत्या. पप्पा घरी होता. तोच मला कडुलिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घालायचा."

"मग दुसरं काहीतरी असेल. तुझा घसा धरायचा."

"पाचवी-सहावीत माझा घसा?"

"नाहीतर वकील आजारी पडला असेल. अठरा वर्षं झाली त्याला, मला काय तारीखवार आठवतंय?"

तिनं आमटीचं भांडं झाकलं. ताट उचलताना म्हणाली, "त्याला एकदा नीट बघ. तो येतोय." कधी येतोय, कशाला येतोय, तुला कोणी सांगितलं, हे मी विचारायच्या आत बसची वेळ झाली म्हणून गेली.

६ मार्च

आला.

मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. कुत्रं भुंकलं म्हणून वर बघितलं तर गेटपाशी उभा. मी आधी ओळखलं नाही, आणि ओळखल्यावर ओळख न दाखवायला उशीर झाला होता.

"लिंदा," म्हणाला.

एर्मेलिंदा हे पूर्ण नाव त्याला कधीच झेपलं नाही.

"काय पाहिजे?"

"आत ये नाही म्हणणार?"

"अर्धं तुझंच आहे म्हणतोस ना? मग विचारतोस कशाला?"

"कुठलं अर्धं माझं?"

"ते न्यायाधीशाला विचार. संडासाकडचं असेल."

हसला. हसता हसता खोकला आला आणि गेटचा खांब धरून उभा राहिला. पाणी मागितलं. पाणी मी कोणालाही देते.

त्याचा अवतार लिहून ठेवते. रंग पिवळट, डोळे त्याहून पिवळे. इंग्लंडात ऊन मिळत नाही म्हणतात. हातपाय काडीसारखे, पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक, तो पट्टा पोटाच्या खाली बांधलेला आणि पोट मात्र घड्यासारखं पुढे. पिणं सोडलेलं दिसत नाही. पाय सुजून बुटांच्या कडेवर आले होते, विमानात बसून बसून येतात तसे. बोलताना सारखे दंड खाजवत होता. आमचे डास त्याला आता परके झाले. एकसष्टाव्या वर्षी पंच्याहत्तरीचा दिसतो. बरं झालं, म्हटलं. देव कुठेतरी बघतो.

"मागच्या खोलीतून तळं अजून दिसतं?" असं विचारलं.

"तिथे खाटा येणार आहेत."

"किती?"

"चार."

"चारीला माणसं ठरली?"

"तुला काय करायचंय?"

रिकामा पेला त्यानं कठड्यावर ठेवला आणि गेला. नुवेंला चुलत भावाकडे उतरलाय. झुलेमाबद्दल मी विचारलं नाही. पेला दोनदा घासला.

२० मार्च

शर्वाणीनं आज अशी गोष्ट समोर ठेवली की मला तिच्या ऑफिसात जोरात बोलावं लागलं. बाहेर बसलेली माणसं आत डोकावली.

ती म्हणाली होती, हा कायदा दोन्ही बाजूंनी चालतो. तुमचं अर्धं त्याचं, तर त्याचंही अर्धं तुमचं. त्याचं काय आहे? मी म्हटलं, काही नाही, बाणावलीला त्याच्या आईचा एक प्लॉट होता, सासूबाई २०१२मध्ये वारल्या, पुढचं मला माहीत नाही. तिनं माहिती काढली. प्लॉट त्यानं २०१४मध्ये विकला. विक्रीच्या कागदाची नक्कल तिनं माझ्यापुढे सरकवली आणि पेन्सिलीनं एक शब्द दाखवला.

अविवाहित.

रेमिजियो फुर्ताद, वय बावन्न, अविवाहित. खाली सही, अंगठा, फोटो.

"बायको आहे म्हटलं असतं तर तुमची सही लागली असती," शर्वाणी म्हणाली. "म्हणून हे."

चोवीस वर्षं मी या गावात मिसेस फुर्ताद म्हणून राहिले. रेशनकार्डावर फुर्ताद, पगारपत्रकावर फुर्ताद, इस्पितळाच्या पाटीवर फुर्ताद. त्याचं नाव मी इतकी वर्षं अंगावर वागवलं, आणि तो अविवाहित! आणि २०१४मध्ये तो गोव्यात होता. बाणावलीहून आमच्या घरी यायला तासभरसुद्धा लागत नाही. त्या वर्षी लीविया पदवीची परीक्षा देत होती.

शर्वाणीचे डोळे चमकत होते. "फौजदारी करता येईल, सिस्टर. खोटं निवेदन. विक्रीही रद्द करता येईल, अर्धा प्लॉट तुमचा आहे. आता तो आपल्या मुठीत आहे."

मी म्हटलं, "कर. सगळं कर."

२४ मार्च, शुक्रवार

माझी जमीन बघायला गेले. "माझी जमीन" असं बसमध्ये मनाशी म्हणत होते. लोकांनी माझ्यावर केलं ते मीही करून बघणार होते.

प्लॉटवर घर उभं आहे. छोटंसं, फिकट निळं, पुढे चिकूचं झाड. दारातच शिलाईचं यंत्र, त्यावर एक बाई शाळेचे गणवेश शिवत बसलेली. नाव ओल्गा. मी म्हटलं, जरा उन्हात चक्कर आली. तिनं यंत्र सोडलं, खुर्ची दिली, सोलकढी दिली. नवरा मासळी बाजारात हमाली करतो. घर बांधायला सात वर्षं लागली, फरशी गेल्या नाताळात बसली. ती मला फरशी दाखवायला आत घेऊन गेली.

मी सहज विचारावं तसं विचारलं, "जागा कोणाकडून घेतली?"

"एका तारवटीकडून. भला माणूस. एकटाच होता गो बिचारा, लग्नच केलं नाही त्यानं."

"का?"

"ठरलं होतं म्हणे. मुलगी नर्स होती. लग्नाच्या आधीच वारली. पैसे मोजताना रडला हो तो. एवढा मोठा माणूस! माझा नवरा म्हणाला, आपण चांगल्या जागेत पाय ठेवतोय, तिच्या नावानं काहीतरी करू. म्हणून वास्तूच्या दिवशी आम्ही चर्चमध्ये तिच्या आत्म्यासाठी मिसाची प्रार्थना सांगितली. एर्मेलिंदा नाव होतं तिचं. वेगळं नाव आहे ना?"

मी म्हटलं, "हो. वेगळं आहे."

"तुमचं नाव काय?"

मी उसन्या नावासाठी इकडे तिकडे बघितलं. समोर यंत्रावर कंपनीची पाटी होती, तिच्यावर बाईचं नाव नव्हतं. मी म्हटलं, "लीविया." आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं नाव सांगितलं, तेही त्याच्यामुळे.

बसमध्ये अंगाचा नुसता जाळ होत होता. मला मारून टाकलं! आधी सोडलं, मग पुसलं, मग मारलं आणि वर माझ्यासाठी रडलासुद्धा, परक्यांच्या समोर, पैसे मोजताना! रडायचंच होतं तर इथे येऊन रडायचं होतं. माझ्यासमोर तो कधी रडलेला मला आठवत नाही.

२७ मार्च

शर्वाणीनं कोर्टातून जुन्या दाव्याची फाइल काढली. पानं उलटत म्हणाली, "सिस्टर, १४ जून २००५. तुमचे वकील हजर होते. न्यायाधीश होते. समोरून कोणी नव्हतंच, तुम्ही नुसत्या उभ्या राहिला असता तरी त्या दिवशी हुकूम झाला असता. इथे लिहिलंय, अर्जदार गैरहजर, दुपारपर्यंत वाट पाहिली. काय झालं होतं?"

मी म्हटलं, "बसचा संप होता."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि फाइल मिटली. पोरगी हुशार आहे.

इथे तरी खरं लिहिते. संप नव्हता. मी त्या दिवशी मडगावात होते. सकाळी नऊला पोचले होते, हिरवा झगा घालून, तो मला बरा दिसतो असं सगळे म्हणायचे. पालिकेच्या बागेत बाकावर बसले. दहा वाजले, उठायला पाहिजे होतं. अकरा वाजले. माझे वकील रस्त्यापर्यंत येऊन इकडे तिकडे बघून गेले, मी झाडाच्या आड झाले. चार वाजता बस धरून घरी आले आणि आईला म्हटलं, तारीख पुढे गेली.

का, ते मला ठाऊक नाही. आईला चर्चमध्ये मान वर करून बसता यावं म्हणून असेल. इस्पितळात पुरुष डॉक्टर जपून बोलायचे, त्यासाठी असेल. तो येईल म्हणून मुळीच नाही. हिरवा झगा मी त्याच वर्षी देऊन टाकला.

१७ एप्रिल

आज शर्वाणीच्या ऑफिसात समोरासमोर बसलो. त्याचा वकील म्हातारा, सारखा घड्याळ बघणारा. रेमिजियोनं ईस्टरचा असावा तसा पांढरा शर्ट घातला होता, गळ्यापाशी दोन बोटं जातील एवढा सैल.

शर्वाणीनं तो कागद टेबलावर ठेवला. त्याच्या वकिलानं वाचला, चष्मा काढला आणि अशिलाकडे बघितलं. त्याला हे सांगितलेलंच नव्हतं.

मी म्हटलं, "अविवाहित. वा. आणि मी मेले?"

तो दचकला. "तुला कोणी सांगितलं?"

"बाणावलीत माझ्या आत्म्याच्या शांतीसाठी मिसा झाला, रेमी! मी त्या दिवशी कुठेतरी ड्युटीवर असेन, कोणाची तरी लघवीची पिशवी बदलत असेन!"

शर्वाणीला हसू आलं आणि तिनं ते पेन्सिलीत दाबलं.

"दुसरं काय सांगणार होतो?" तो खाली बघत म्हणाला. "बायको-मुलीला टाकून आलो म्हणून सांगू? त्या बाईनं एवढ्या प्रेमानं विचारलं."

"खरं सांगायचं. माणसं खरं सांगतात."

"सगळी?" असं म्हणून त्यानं माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली. फाइल टेबलावरच होती, पण ती त्याला माहीत असायचं कारण नाही.

मग शर्वाणी बोलली. फौजदारी, विक्री रद्द, दंड. त्याचा वकील प्रत्येक शब्दाला मान हलवत होता. मी ऐकत होते आणि मला त्या बाईची फरशी दिसत होती. सात वर्षं. उद्या तिच्याकडे नोटीस जाईल, तीन पानांची, "सदर घराचे निम्मे मालक". नोटीस कशी वाचली जाते ते मला माहीत आहे. पहिल्या ओळीला खुर्ची लागते.

मी म्हटलं, "विक्रीला हात लावायचा नाही. ओल्गाच्या कागदावर मी सही देईन, एक पैसा न घेता. यानं घटस्फोटाला आडवं यायचं नाही आणि हुकूम झाला की घरावरचा हक्क सोडायचा. संपूर्ण. माझ्या पप्पांच्या दगडापासून माझ्या न्हाणीघराच्या दांडीपर्यंत."

"सिस्टर, निदान अर्ध्या प्लॉटचे पैसे तरी याच्याकडून मागा," शर्वाणी हळूच म्हणाली.

"याच्याकडून काय निघणार? सगळं पिऊन बसलाय."

तो रागावला नाही. म्हणाला, "कबूल. फक्त एक लिहून दे. मागच्या खोलीत मला राहू दे. जास्त दिवस नाही."

"का? झुलेमानं काढलं?"

"झुलेमा गेली तीन वर्षांपूर्वी. कोविडात."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही थोडं, त्या बाईबद्दल. मग लगेच संताप आला, की मला आता त्याच्या झुलेमासाठीही वाईट वाटून घ्यायचं का?

"नाही," मी म्हटलं. "एक दिवससुद्धा नाही."

सह्या करताना त्याचा हात थरथरत होता. म्हातारपण.

५ सप्टेंबर

हुकूम झाला. आठ वाजताच कोर्टाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले होते, वॉचमनच्याही आधी. इतकी वर्षं वेगळं राहिल्यावर कायद्यात फार बोलायचं उरत नाही. न्यायाधीशबाईंनी आम्हाला दोघांना एकेक प्रश्न विचारला. चार मिनिटं. चर्चमध्ये लग्नाला दीड तास लागला होता आणि पाद्रीबाबांनी त्यातला अर्धा वेळ नोहाच्या नावेवर घालवला होता.

तो भिंतीला धरून उभा होता. काठी घेतलीय. जाताना म्हणाला, "अभिनंदन, लिंदा." कोण म्हणतं असं? कसलं अभिनंदन?

१२ ऑक्टोबर

घर माझं. नोंदणी झाली. ओल्गाच्या कागदावरही सही दिली. तिला शर्वाणीनं काय सांगितलं ते माहीत नाही, पण ती माझ्याकडे बघतच राहिली, मग एकदम पुढे येऊन माझे हात धरले आणि मोठ्यानं रडली. "तुम्ही जिवंत आहात!" म्हणते. ऑफिसभर हशा. मी म्हटलं, "हो बाय, चुकून." बँकेनं कर्ज मंजूर केलं. साहेबानं चहा पाजला.

३० ऑक्टोबर

तीन खाटा भरल्या. मारिया कॉन्सेसांव, वय ८८, पेजेला चव नाही म्हणते. दुसऱ्या खाटेवर तिची जाऊ, तिला त्याच पेजेला चव फार वाटते. तिसरे निवृत्त मास्तर, ते सगळ्यांच्या चुका काढतात. घरात इतका आवाज कित्येक वर्षांत नव्हता. उतरण उत्तम झालीय. चौथ्या खाटेला दोन अर्ज आलेत, ठरवलं नाही. घाई नाही.

८ नोव्हेंबर

सकाळी लीवियाचा फोन. रेमिजियोला रक्ताची उलटी झालीय, चुलत भाऊ म्हणतोय याला इथून न्या. ती शाळेत अडकलीय, निघतेय, पण तोवर तू जा.

"मी का जाऊ?"

"कारण तू जवळ आहेस, मम्मा."

मग तिनं सगळं सांगितलं. सहा वर्षं ती त्याच्याशी बोलतेय. घराचे फोटो पाठवायची, न्हाणीघराचासुद्धा. यकृताचं त्याला गेल्या डिसेंबरात कळलं. तिकडे एकट्यानं मरायचं नव्हतं त्याला.

मी ओरडले. "आणि हे मला आत्ता सांगतेस? आधी का नाही सांगितलंस?"

ती शांतपणे म्हणाली, "तू त्याला मार्चमध्ये बघितलंस, एप्रिलमध्ये बघितलंस, कोर्टात बघितलंस. मला वाटलं तुला कळलं असेल. तू नर्स आहेस."

फोन ठेवल्यावर ही वही काढली आणि ६ मार्चचं पान वाचलं. पिवळे डोळे. घड्यासारखं पोट. सुजलेले पाय. खाज. सगळं माझ्याच अक्षरात, ओळीनं. एखाद्या शिकाऊ मुलीनं असं लिहून आणलं असतं आणि खाली "डास" असं निदान केलं असतं, तर तिला मी वॉर्डातून घालवली असती.

राग अजून आहे. तो कमी झालाय असं कोणी समजू नये. एवढं आजारी पडायचं आणि सांगायचं नाही, नोटीस पाठवायची! सरळ "लिंदा, मी मरतोय" असं लिहिलं असतं तर मी तितक्याच सरळ शब्दांत नाही म्हटलं असतं आणि विषय संपला असता. चौथी खाट मी त्याला देणार नाही, हेही इथे लिहून ठेवते.

नुवेंला गेले. पडवीत चटईवर ठेवला होता. भाऊ दारात उभा, हात धुऊन मोकळा. रुग्णवाहिका बोलावली, नाडी धरून बसले. एकदा डोळे उघडून म्हणाला, "तू कशी आलीस?" मी म्हटलं, "बोलू नकोस."

इस्पितळात त्याला आत नेलं. खिडकीवरच्या मुलीनं फॉर्म दिला. मी नोकरी सोडल्यावर आलेली असावी, मला ओळखलं नाही. रुग्णाचं नाव लिहिलं. वय लिहिलं, विचारावं लागलं नाही. पत्ता कुठला म्हणाली, मागोमाग आलेल्या भावाकडे बघितलं तर तो निघायला चपला शोधत होता. मी कुडतरीचा लिहिला. रिपोर्ट कुठेतरी नीट पोचायला पाहिजेत, बाकी काही नाही.

पुढचा रकाना होता, रुग्णाशी नातं.

"मिसेस का?" मुलीनं विचारलं.

"नाही."

"बहीण?"

"नाही."

"मग कोण? काहीतरी लिहा, मॅडम, मागे माणसं थांबलीत."

मागे खरंच रांग होती. मी "नर्स" असं लिहिलं आणि खाली सही केली.